शुक्रवारचा आवाज

काठीच्या टोकाचं रबरी बूच एका बाजूनं पार झिजलेलं – डाव्या कडेला तर लाकूडच टेकायला आलेलं – आणि काठी आडवी धरून ती त्याच्याकडे पाहत राहिली, जरा जास्तच वेळ. म्हणजे समोरचे हे म्हातारे काठी सरळ टेकतच नाहीत. बाहेर फेकतात आणि मग सगळं अंग तिच्यावर सोडून देतात. म्हणजे गेले दोन महिने आपण जे शिकवलं ते या खोलीपुरतंच. या खोलीत, दोन आडव्या दांड्यांच्या मधून, समोरच्या मोठ्या आरशात स्वतःकडे बघत ते अगदी सांगितल्यासारखं चालतात – आधी काठी, मग दुखरा पाय, मग चांगला. बाहेर पडलं की…

“घरी पण असंच चालता ना?” तिनं विचारलं.

“अगदी असंच,” म्हातारे म्हणाले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. फिजिओथेरपी विभागात सगळे त्यांना घड्याळवालेच म्हणत. त्यांनी ते इतकं पटकन आणि इतकं गोड सांगितलं की तिला राग यायला हवा होता. पण तिनं काठी परत दिली, बूच बदलून घ्या एवढंच म्हणाली आणि तक्त्यावर ‘प्रगती समाधानकारक’ असं लिहिलं. खोटं पकडायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं, आणि शुक्रवारी दुपारी दोन वाजता तेवढं बळ तिच्या अंगात नसे. शुक्रवारचं बळ संध्याकाळसाठी राखून ठेवावं लागे.

तेवढ्यात कोटाच्या खिशात फोन थरथरला. फोन काढताना त्याच्याबरोबर ती चिठ्ठीही बाहेर आली – चार घड्या घातलेली, आठवडाभर किल्ल्यांशी घासून कडा मऊ पडलेली – आणि तिनं ती न बघता पुन्हा आत ढकलली. काय लिहिलंय ते तिला पाठ होतं. ‘आईच्या छातीत गाठ आहे. मंगळवारी तुकडा काढून तपासायला देणार. मावशी, रोज प्रार्थना करा.’ रोजच्या खाली दोन रेघा.

फोनवर चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीचाच निरोप होता.

‘मावशी, रिपोर्ट आला. गाठ साधी आहे! तुमच्या प्रार्थनेनं. मला माहीत होतं तुम्ही एक दिवससुद्धा चुकवणार नाही.’

तिनं तो वाचला आणि अंगठ्यानं उत्तर लिहून पाठवलंही – ‘देवाची स्तुती असो! आईला सांग, खूप आनंद झाला.’ सगळं पाठवून झाल्यावर, फोन खिशात परत गेल्यावर, पुढच्या बाईंच्या आखडलेल्या खांद्याखाली हात घालून तो हळूहळू वर नेताना तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. त्या शब्दांना तिची गरजच पडली नव्हती. ते अंगठ्याला पाठ होते.

“दुखतंय,” खांदावाल्या बाई म्हणाल्या.

“हो,” ती म्हणाली. “दुखणार.”

तिनं प्रार्थना केली नव्हती. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, रविवारी उपासनेला सगळ्या मंडळीत उभी असताना नाही, मंगळवारी – मंगळवारी सकाळी तर चिठ्ठी हातात घेऊन ती पलंगाच्या कडेला बसलीसुद्धा होती, आणि मग उठून तिनं उशांचे अभ्रे बदलले होते. विसरली असती तर एक वेळ बरं झालं असतं. विसरण्याला माफी असते, विसरलं म्हटलं की समोरचा ‘चालतं हो’ म्हणतो. पण ती चिठ्ठी दिवसातून दहादा बोटांना लागत होती आणि दहाही वेळा ती… काय करत होती ती? काहीच नाही. दारापाशी उभं राहून बेल न वाजवता परतणाऱ्या माणसासारखी.

चौदा महिने. नेमका दिवससुद्धा तिला माहीत होता आणि त्या दिवशी काहीही घडलं नव्हतं, हेच तर कुणाला सांगता आलं नसतं. कुणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. पहाटे नेहमीसारखी ती पलंगाशी गुडघे टेकून बसली होती, ओठांतून शब्द येत होते, चांगले, नीटनेटके, एकामागून एक – आणि मधेच तिला ते ऐकू आले. म्हणजे असं की ती बोलत होती आणि तिचाच कुणी भाग मागे बसून ऐकत होता, आणि त्या भागाच्या ध्यानात आलं की हा आवाज शुक्रवारचा आहे. शुक्रवारी घरी बायबलच्या शास्त्रपाठाला येणाऱ्या पोरांसमोर प्रार्थना करताना लावते तो. थोडा संथ, थोडा खालच्या पट्टीत, मधे योग्य तिथे थांबणारा. समोर कुणी नसताना, दार बंद असताना, ती त्याच आवाजात बोलत होती. मग दुसरा कुठला आवाज होता तिच्याकडे? तिनं शोधला – अगदी खरोखर, कपाटात काही शोधावं तसा – आणि तो सापडेना. तेव्हा ती वाक्य अर्धं टाकून उठली आणि तिनं दूध तापायला ठेवलं. उद्या बघू, असं म्हणाली असेल मनात. पण उद्या गेलं तर गुडघे टेकायच्या आधीच तो आवाज येऊन बसलेला. मग परवा. मग…

शुक्रवार मात्र एकही चुकला नाही. ही त्यातली खरी गंमत. शुक्रवार उलट जास्तच चांगले होऊ लागले, पोरं म्हणू लागली, मावशी, हल्ली तुम्ही काय सुंदर समजावता.

चार वाजता कोट काढून खुंटीला लावला, चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि ती पायीच निघाली. कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटांचे दोन पुडे. दुकानदारानं न विचारताच काढून ठेवले होते. सोळा वर्षांत बिस्किटांची जात बदलली, दुकानदाराचे केस गेले, पोरांच्या चार-पाच तुकड्या येऊन गेल्या – आली तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली बुजरी तोंडं तीन वर्षांनी मोठ्या आवाजात निरोप घेऊन गेली, लग्नाच्या पत्रिका आल्या, बाळांचे फोटो आले. सोळा वर्षांपूर्वी चर्चच्या पाळकसाहेबांनी हे काम तिच्या गळ्यात घातलं तेव्हा कारण अगदी रोकडं होतं. तुमची पुढची खोली मोठी आहे, ते म्हणाले होते. तिला वाटलं होतं, पुढे काही म्हणतील – तुमचा विश्वास, तुमचं वाचन – पण ते खोलीकडेच बघत होते आणि मनात खुर्च्या मोजत होते. त्या वेळी तिला हसू आलं होतं. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं आणि दोघं पोट धरून हसली होती. तेव्हा पहाटे तिच्याकडे एक आवाज होता – घोगरा, झोपेतला, अर्धवट वाक्यांचा, कधी नुसताच ‘अरे’ म्हणणारा. तो कधी गेला? खोलीनं खाल्ला का?

घरी नवऱ्यानं खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. तो दातांच्या कवळ्या करी. मागच्या खोलीत त्याचं टेबल, साचे, भट्टी, आणि प्लास्टरची पांढरी पूड त्याच्या मनगटापर्यंत कायमची. शास्त्रपाठाला तो बसत नसे. पहिल्या वर्षी बसला होता, मग म्हणाला, माझ्यामुळे पोरं मोकळी बोलत नाहीत, आणि त्यानं चहा आपल्याकडे घेतला. रविवारी तिच्या शेजारी उभा राहून गाणी म्हणायचा, चुकीच्या सुरात, मन लावून. एवढंच. त्याचं आणि देवाचं काय चालतं ते तिला पंचवीस वर्षांत नीटसं कळलं नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं.

“दमलीस?” त्यानं विचारलं.

“नेहमीइतकीच.”

तो तिच्या तोंडाकडे क्षणभर बघत राहिला. धंद्यामुळे त्याला माणसाच्या डोळ्यांऐवजी तोंडाकडे बघायची सवय होती. मग त्यानं कप पुसायला घेतले.

साडेपाचला पाच जण आले. परीक्षा जवळ आलेली, बाकीच्यांनी दांडी मारली होती. सगळ्यांत आधी उंट, दारातून वाकून शिरणारा, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाचा. आला की पहिल्यांदा बिस्किटांकडे बघायचा आणि मग तिच्याकडे. त्याच्या मागून वकील; कायद्याच्या दुसऱ्या वर्षातच त्यानं हे नाव कमावलं होतं, कारण साधं ‘आमेन’ म्हणायचं झालं तरी आधी एखादी शंका काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. नर्सिंगच्या दोघी मैत्रिणी, दोघींत मिळून एकच बायबल, आणि त्यात तोंड लपवून हसायची सोय. आणि शेवटी वही, ती चिठ्ठी लिहिणारी. या मुलीला सगळे वही म्हणत, कारण तिनं इथलं एकही वाक्य कधी वाया जाऊ दिलं नव्हतं; दोन वर्षांत तिच्या तीन वह्या भरल्या होत्या आणि त्यांत मावशी काय म्हणाल्या ते तारखेनिशी होतं. वहीनं दारातच येऊन तिला मिठी मारली.  पाठीवर मुलीचे हात घट्ट होते, आणि ती मात्र दोन्ही हात थोडे उंच धरून उभी राहिली, ओला रंग लागेल म्हणून जपणाऱ्या माणसासारखी, आणि मग तिनं मुलीच्या केसांवरून हात फिरवला. कारण तसं करायचं असतं.

एक गाणं झालं, नवरा चहाचे कप ठेवून आत गेला. मग वाचन. आज वादळाची गोष्ट होती – शिष्य तारवात, वारा सुटलेला, लाटा आत येतायत, आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला. उंटानं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तो उशीपाशी थांबला.

“मावशी, मासे धरायच्या होडीत उशी कुणी आणली?”

नर्सिंगच्या दोघी बायबलामागे गेल्या. तीही हसली. तिनं सांगितलं की ही गोष्ट बायबलात तिघांनी लिहून ठेवली आहे, पण उशी एकानंच लिहिली. म्हणजे ज्यानं पाहिलं त्याला बाकी काही नसलं तरी ती उशी आठवत होती. वहीची पेन्सिल चालू लागली. बघा, असं सांगता येतं मला. अजून येतं. तोंड उघडलं की येतं – नळ सोडल्यासारखं.

वकिलाला अर्थातच शंका होती. त्याचं म्हणणं, खरंच झोपला होता की नुसतेच डोळे मिटून परीक्षा बघत होता? खरंच झोपला असेल तर लोक बुडत असताना झोपणं बरोबर नाही, आणि सोंग असेल तर ते त्याहून वाईट. या प्रश्नाला सोळा वर्षांचं उत्तर तयार होतं. तिनं ते निदान पाच वेळा दिलं असेल: त्याचा बापावर इतका भरवसा होता की वादळातही त्याला झोप लागली, आपला भरवसा तसा हवा. वहीची पेन्सिल वाट बघत होती. ते वाक्य जिभेवर आलं, त्याच्या खालच्या पट्टीसकट, त्याच्या योग्य त्या थांब्यासकट आलं, आणि तिला त्याची शिसारी आली. 

“दमला असेल,” ती म्हणाली.

सगळे वाट बघत राहिले. पुढे काहीतरी येणार होतं, नेहमी यायचं.

“दिवसभर माणसं होती,” ती म्हणाली. “बोलून बोलून दमला असेल. दमलेला माणूस झोपतो.”

 वहीनं लिहिलं की नाही ते तिनं पाहिलं नाही.

मग साक्षीची वेळ. आठवड्यात कुणाला काही अनुभव आला असेल तर दोन शब्द बोलायचे. वही उठून उभी राहिली – इथं कुणी उभं राहत नसे, सगळे बसूनच बोलत – आणि हातातली वही छातीशी धरून बोलू लागली. गाठ कळली त्या दिवसापासून तिच्या घरात कुणी नीट जेवलं नव्हतं. वडील रात्रभर येरझारा घालायचे. आणि तिला स्वतःला… इथं ती अडखळली. तिला स्वतःला प्रार्थना जमतच नव्हती. हात जोडले की डोळ्यांसमोर आईचं मयतच यायचं, म्हणून तिनं आठवडाभर एकदाही केली नाही. घाबरून केली नाही. “पण मी म्हटलं, मावशी करतायत ना,” ती म्हणाली. “रात्री झोपताना मी आईला सांगायचे, मावशी आत्ता करत असतील. मग आम्ही दोघी झोपायचो.”

एका नर्सिंगवालीनं डोळे पुसले. उंटानं हातातलं बिस्किट हळूच बशीत ठेवलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता.

आता तिनं बोलायचं होतं. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळलेली, आणि काय बोलायचं तेही ठरलेलं: माझ्यामुळे नाही गं, सगळं त्याच्या कृपेनं. हे म्हटलं असतं तर ते नम्रपणासारखं दिसलं असतं, आणि गंमत म्हणजे खरंही असतं. शब्दाशब्दाला खरं. त्या वाक्यामागे आयुष्यभर बसता आलं असतं. मुलगी आनंदात घरी गेली असती, आई सुखरूप होती, गाठ साधी होती, कुणाचं काय बिघडणार होतं? कोणाचं काहीच नाही. त्या पोरीनं घाबरून केली नाही आणि मी – मी घाबरलेसुद्धा नव्हते. मी अभ्रे बदलत होते.

“मी केली नाही,” ती म्हणाली.

वही अजून उभीच होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नीट ऐकू न आल्यासारखं.

“तुझ्या आईसाठी प्रार्थना. मी केली नाही. एकदाही नाही.”

“म्हणजे विसरलात?” वकिलानं विचारलं. हळू विचारलं त्यानं, जवळजवळ मदत केल्यासारखं. दार उघडून दिलं होतं पोरानं, नुसतं आत जायचं होतं.

“नाही. रोज आठवण होती. चिठ्ठी खिशात होती.” स्वतःचा आवाज तिला ऐकू येत होता आणि तो विचित्र लागत होता, चिरका, घाईघाईचा. “आणि तुझ्याच आईसाठी असं नाही. कुणासाठीच केलेली नाही. वर्षाच्या वर झालं. इथं तुमच्यासमोर करते ती सोडून.”

 मग उंट म्हणाला, “मग आम्हाला कशाला शिकवत होता, मावशी?” त्यात आरोप नव्हता. होडीत उशी कुणी आणली हे विचारल्यासारखंच त्यानं विचारलं, आणि म्हणूनच सारवासारव करायला जागा राहिली नाही.

“तुम्ही येत होता म्हणून,” ती म्हणाली.

हे तिला आधी माहीत नव्हतं. बोलल्यावर कळलं.

वही खाली बसली. तिनं हातातली वही मिटून मांडीवर ठेवली आणि पेन्सिल तिच्यावर आडवी, अगदी सरळ लावून ठेवली. “आईनं आज सकाळी तुमचं नाव घेतलं,” ती म्हणाली. “म्हणाली, त्या बाईंना घरी जेवायला बोलव. मी तिला काय सांगू?”

“जे झालं ते सांग.”

“ते मी नाही सांगणार.” मुलगी रडत नव्हती. रडली असती तर जवळ जाता आलं असतं. “ती त्या सात रात्री झोपली ती कशावर, हे मी तिला नाही सांगणार. तुम्हाला खरं बोलून बरं वाटलं असेल, मावशी. ते आता मी घरी घेऊन जायचं.”

हे तिच्या मनातही आलं नव्हतं. किती दिवस ती विचार करत होती – कबूल करावं, करू नये, धीर होईल, होणार नाही – आणि त्या सगळ्या विचारात ओझं एकट्या तिचंच होतं. उतरवलं तर कुठंतरी जमिनीवर ठेवलं जाईल, असं तिनं धरलं होतं. जमिनीवर नाही ठेवलं गेलं. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या मांडीवर ठेवलं गेलं, त्या वहीच्या बरोबर. “हो,” ती म्हणाली. “खरं आहे तुझं.” माफ कर असं तिला म्हणायचं होतं, पण तेही आत्ता मागणंच झालं असतं.

शेवटची प्रार्थना नेहमी ती करायची. कुणीतरी घड्याळाकडे पाहिलं. सातला पाच कमी. माना सवयीनं खाली गेल्या आणि पाचही जण वाट बघू लागले, आणि तिच्या लक्षात आलं की अजूनही, एवढं झाल्यावरही, ते तिच्याच आवाजाची वाट बघतायत.

“आज मी करणार नाही,” ती म्हणाली. “कुणाला करायची असेल तर करा.”

कुणी केली नाही. वकिलानं एकदा घसा साफ केला, वाटलं आता बोलेल, पण तो तसाच बसला. पंख्याचा आवाज येत होता. नर्सिंगच्या दोघींनी एकमेकींचा हात धरला होता. किती वेळ गेला कोण जाणे, दोन मिनिटं असतील, पाच असतील. सोळा वर्षांत या खोलीत इतका वेळ कुणी गप्प बसलं नव्हतं. गप्प बसणं तिला भ्यायला लावायचं, पोरं चुळबुळतील म्हणून ती लगेच शब्द घालायची. आज कुणी चुळबुळलं नाही. मग उंटानं ‘आमेन’ म्हटलं, कशाला कोण जाणे, आणि खुर्च्या सरकल्या.

चहा बहुतेक तसाच राहिला. जाताना उंटानं नेहमीसारख्या खुर्च्या एकात एक घातल्या. वकील दारात घोटाळला, आणि पुढच्या शुक्रवारी आहे का, असं त्यानं विचारलं. तिनं माहीत नाही म्हटलं. त्यानं मान डोलावली, जणू पहिल्यांदाच त्याला इथं एखादं उत्तर पटलं होतं. वही सगळ्यांच्या आधी निघून गेली होती. चपला घालताना वाकलेली तिची पाठ तेवढी दिसली. ‘येते मावशी’ म्हणाली नाही.

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात पुसायचं फडकं.

“ऐकलंस?” तिनं विचारलं.

“हो.” थोड्या वेळानं तो म्हणाला, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“जेवायच्या आधी तू डोळे मिटून पुटपुटायचीस. खूप दिवसांपासून तुझे ओठ नुसते मिटलेले असतात.” त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं, कुणाच्या दाढेबद्दल सांगावं तसं. “म्हटलं, दमली असशील.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलणार?”

खरंच, काय बोलणार होता? तू देवाशी बोलत नाहीस, असं कोणी चहा गाळताना म्हणतं का? पण तिच्या छातीत काहीतरी गरम सरकलं. चौदा महिने हा माणूस समोर बसून जेवत होता आणि बघत होता, आणि तिला वाटत होतं की ती एकटी आहे. किती मन लावून एकटी राहिली होती ती. कसं जपलं होतं ते एकटेपण, जसं कुणी दागिना जपावा. ती त्याच्यावर काहीतरी टाकून बोलणार होती, पण तो फडकं खांद्यावर टाकून मागच्या खोलीत गेला आणि त्याच्या टेबलावरचा दिवा लागल्याचा आवाज आला. उद्या सकाळी कुणाची तरी कवळी द्यायची होती.

तिनं नळ सोडला. थंड झालेला चहा एकेक कप करून मोरीत ओतला. त्या पोरीचा कप तेवढा निम्मा प्यालेला होता. कधी प्याली असेल? उठून उभी राहण्याच्या आधी, आनंदात असताना. अजून पाठीवर त्या पोरीच्या हातांचा दाब होता, इथं, खांद्यांच्या खाली. काय म्हणून धरलं होतं तिनं इतकं घट्ट? माझ्यात काय होतं धरण्यासारखं? आणि आता ती घरी पोचली असेल, आई विचारत असेल, काय म्हणाल्या गं मावशी, आणि ती खोटं सांगत असेल. आयुष्यातलं पहिलं चांगलं खोटं, माझ्यापायी शिकलेली. आणि रात्री पुन्हा दिवा मालवताना… आता काय सांगेल ती आईला? आता कोण करत असेल म्हणून सांगेल? तिला कोण आहे? सांग ना. मी तर गेले, माझं सोड, मी दमले, माझ्यानं झालं नाही, पण तिनं काय केलं होतं? एकोणीस वर्षांची पोर, भीतीनं हात जोडता येत नव्हते तिला, आणि तिनं दुसऱ्या कुणाच्या जिवावर झोप घेतली तर ती तिची चूक का? तिला निदान… अरे, तिला तरी…

“काही म्हणालीस का?” नवऱ्यानं आतून विचारलं.

तिनं नळ बंद केला. हातात कप होता, साबणाचा, आणि तोंड उघडं होतं, आणि घसा दुखत होता – मोठ्यानं बोलल्यावर दुखतो तसा. किती वेळ बोलत होती ती? आणि ते ‘अरे’ – ते जुनं, पहाटेचं…

ती ऐकत राहिली. खोलीत काही नव्हतं, कपावरून ओघळणारं पाणी तेवढं. तिला राग आला होता, हे मात्र नक्की. खूप आला होता, आणि तो त्या मुलीवर नव्हता, मागच्या खोलीतल्या त्या माणसावर नव्हता, स्वतःवरही, आश्चर्य म्हणजे, आत्ता नव्हता.

“कुणाशी बोलतेयस?” त्यानं पुन्हा विचारलं.

 कप तसाच हातात धरून ती उभी राहिली, कारण वाक्य अजून अर्धं होतं, आणि ते संपवायचं की इथंच सोडायचं हे तिला ठरवता येत नव्हतं.